देवघरातली वांग्याची रोपं

आईला मी नाशिकला आणलं तेव्हा तिच्या सामानात चार पातळं, पितळेचा एक तांब्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. पुरचुंडीत राख होती. घर आवरताना मला दयामाया नसते, त्यामुळे ती राख मी केराच्या डब्यात झटकायला निघाले होते. फडकं सोडलं तेव्हा राखेत चपटे, पिवळट कण दिसले. मी शेतकऱ्याची पोर असले तरी ते वांग्याचं बी आहे हे ओळखायला मला दोन मिनिटं लागली.

ते आईचं वांगं. हिरवं, त्यावर पांढऱ्या रेघा, देठाला सुईसारखे काटे. घरात ते दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. दरवर्षी झाडावरचं सगळ्यात देखणं वांगं ती तोडायची नाही. त्याच्या देठाला चिंधी बांधायची, म्हणजे कुणी चुकून हात लावू नये. ते पिकून पिवळं झालं की फोडायची, बी धुवायची, राखेत चोळून वाळवायची. राखेनं बियाला कीड लागत नाही. लहानपणी मला याचा फार राग यायचा. चांगलं ते बियाला आणि किडकं ते आपल्या ताटाला, असं मी बोलून दाखवायचे, आणि आई म्हणायची, पुढच्या वर्षी काय माती खाशील?

मी भावाला फोन केला. माझा धाकटा भाऊ सायखेड्याच्या पुढे आमच्या गावातच शेती करतो. तो म्हणाला, "ताई, ते बी आता कुणाकडंच नाही. आई दोन-तीन वर्षं धरतच नव्हती, आणि मी नर्सरीतून रोपांचे ट्रे आणतो. तुझ्याकडं असेल तेवढंच." फोन ठेवल्यावर मी ती पुरचुंडी पुन्हा बांधली आणि कपाटात माझ्या दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

आई विसरायला लागली होती. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारणींची नावं, मग घर. दोनदा ती एकटीच चालत गोदावरीच्या काठाशी गेली आणि दोन्ही वेळा कुणीतरी तिला हाताला धरून परत आणून सोडलं. भावाच्या घरी सगळे दिवसभर वावरात. मी एकटी, लग्न न केलेली, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी. पाथर्डी फाट्याला दुसऱ्या मजल्यावर माझं वन बीएचके घर आहे. दिवसा एक मावशी येऊन बसतील अशी सोय केली आणि पावसाळा सरल्यावर तिला घेऊन आले.

इथं आल्यावर चार-सहा दिवसांत मला कळलं की ती मला ओळखत नाही. ती मला 'बाई' म्हणायची आणि अहोजाहो करायची. मी भरवलं की म्हणायची, "बाई, तुमी लय करता माझं." संध्याकाळी मी कॉलेजातून आले की खुर्चीत सरळ बसायची आणि विचारायची, "माझी लेक नाशकात ऱ्हाती. ती यायची हे मला न्यायला. आली का?"

पहिल्यांदा मी सांगितलं, आई, अगं मीच. ती हसली. परक्या माणसाच्या चेष्टेला हसावं तसं, वाईट वाटू नये म्हणून. मग मी रोज म्हणायला लागले, येईल. आपल्याच आईला आपण येऊ असं आश्वासन देत राहणं काय असतं, ते मी कुणाला सांगू शकले नाही. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना डोळे भरून यायचे आणि मग समोरच्या पोरांवर मी उगाच खेकसायचे.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते जपा. मी मान डोलावली आणि घरी येऊन बी पेरायचं ठरवलं. मला वाटत होतं की तिचं झाड तिच्या डोळ्यांसमोर उगवलं तर तिला सगळं आठवेल, आणि सगळ्यात मी पण येते. हे वेडेपण आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशातली गत होती.

आता पेरायचं कुठं? माझ्या घराला एक बाल्कनी आहे आणि ती कबुतरांच्या मालकीची आहे. तिथं मी एकदा कोथिंबीर लावली होती, तिची त्यांनी दोन दिवसांत वासलात लावली. शिवाय जानेवारी होता, नाशिकची थंडी ऐन भरात. म्हणून घरातच लावायचं ठरलं. श्रीखंडाचे रिकामे डबे होते, त्यांना खालून भोकं पाडली. भावाकडून एका पिशवीत वावरातली काळी माती आणि शेणखत आलं. निम्मं बी मी पुरचुंडीतच ठेवलं असतं तर शहाणपणा झाला असता. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी सगळंच्या सगळं पेरलं.

आणि डबे ठेवले देवघरात. माझं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, फ्रिजच्या मागं, जमिनीवर मांडलेला एक चौरंग. तिथं दिवसाही बल्ब लावावा लागतो. मी हे असं का केलं याला कारण आहे. घरात धान्य पेरणं मी आयुष्यात एकाच वेळी पाहिलं होतं, नवरात्रात. आमच्याकडे घट माझ्या हातचा असायचा. वावरातून माती मी आणायची, टोपलीत पसरायची, त्यात गहू नि ज्वारी पेरायची, मध्ये पाण्याचं मडकं ठेवायचं. मग नऊ दिवस टोपली हलवायची नाही. अंधाऱ्या खोलीत, समईच्या उजेडात ते कोंब पिवळेधमक वर यायचे, वीतभर उंच, आणि बायका येऊन म्हणायच्या, पोरीचा हात चांगला, घट काय तरारलाय! वावरातली कामं मला आईनं कधी लावली नाहीत. मी शिकावं म्हणून तिनं मला वाफ्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. त्यामुळे बी उगवतं कसं, याचं माझं सगळं ज्ञान त्या टोपलीतलं.

तेव्हा मी तसंच केलं. डब्यांवर ओलं फडकं, बाजूला निरंजन, रोज सकाळी आंघोळ करून पाणी. बाराव्या दिवशी पहिला कोंब दिसला. माती फोडून वाकलेली एक मान, तिच्या टोकाला अजून बियाचं टरफल. मी आईला हाताला धरून तिथं नेलं. ती उकिडवी बसली, मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली, "पानी लय झालं." मला नाचावंसं वाटलं. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच समोरच्या गोष्टीबद्दल काहीतरी बरोबर बोलली होती.

आठवड्याभरात तिसेक कोंब वर आले. पांढुरके, दोऱ्यासारखे बारीक आणि भराभर वाढणारे. मला कोण अभिमान! हात चांगला ना माझा. मी फोटो काढून भावाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"ताई, कुठं ठेवलंय हे?"

"देवघरात."

तो म्हणाला, "घट बसवलाय का तू? अगं, उजेडासाठी लांबलंय ते रोप. मान टाकणार आता."

मी त्याला फटकारलं. म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नकोस, एवढं कळतंय तर तुझ्या वावरात आईचं वांगं का टिकलं नाही? हे बोलायला नको होतं. तो शांतपणे म्हणाला, "उद्याच्या उद्या उन्हात काढ," आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी त्या डब्यांसमोर बसून होते. माझ्या ध्यानात आलं की घटाचं धान्य कधी कणसाला येतच नाही. दसऱ्याला ते उपटतात. पुरुष टोपीत खोचतात, बायका केसात माळतात, उरलेलं नदीला जातं. ते पिकवण्यासाठी पेरलेलंच नसतं. आणि मी आईचं शेवटचं बी त्याच रीतीनं पेरून बसले होते. घरात कुणी नव्हतं ज्याच्यावर ओरडावं, म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. आई खुर्चीतून म्हणाली, "बाई, कुनावर रागावता?"

दुसऱ्या दिवसापासून माझी नवी नोकरी सुरू झाली. बाल्कनीत सकाळी तासभर ऊन येतं, समोरच्या इमारतीच्या टाकीआड जाईपर्यंत. तेवढ्या वेळात डबे बाहेर काढायचे, हातात झाडू घेऊन कबुतरांवर पहारा करायचा, मग डबे उचलून हॉलच्या खिडकीत. कॉलेजला पोचायला उशीर व्हायला लागला. कोंब पटापट आडवे झाले. जे उभे होते त्यांच्या मानेपर्यंत मी माती चढवली, उदबत्तीच्या काड्यांचा टेकू दिला. तिसाचे वीस झाले, विसाचे चौदा. शेवटी अकरा राहिले. त्या अकरांना हळूहळू खरी पानं फुटली, खरखरीत, कडा वळलेली, आणि मग तिसरं पान, चौथं पान. देठ मात्र किडकिडीत ते किडकिडीतच.

पहाऱ्याला मी आईलाही शेजारी बसवायचे. ती पानं उलटून मागं माव्याची कीड आहे का पाहायची. कधी हातानं माती भुसभुशीत करायची. त्या तासात तिची बोटं अगदी पहिल्यासारखी चालायची. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, आता म्हणेल, आता म्हणेल. ऊन टाकीआड गेलं की ती विचारायची, "माझी लेक आली का?"

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी मी दूध आणि भाजी आणायला गेले. रविवारी मावशी येत नाहीत, म्हणून दाराला बाहेरून कडी घालून गेले. असं मी करायचे. लाज वाटते, पण करायचे. अर्ध्या तासानं दार उघडलं तर खिडकीतले सगळे डबे रिकामे. माती होती, रोप एकही नाही. आणि आई दाराशी जमिनीवर बसलेली, पदर कमरेला खोचलेला, पायात चपला, मांडीवर माझ्या नव्या सुती ओढणीचा फाडलेला तुकडा.

मी किंचाळले. "काय केलंस हे! सगळं उपटलंस? एवढी एकच गोष्ट मी मागत होते, एवढी एकच!" मी तिचं मनगट धरलं. किती जोरात धरलं ते मला कळलं नाही. तिनं दुसरा हात तोंडासमोर आडवा धरला आणि म्हणाली, "बाई, मारू नका."

मी आईवर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशीही नाही. पण तिला तसं वाटलं, आणि वाटलं म्हणजे मी तशीच उभी असणार. मी मनगट सोडलं. मी तिच्यासमोर खाली बसले. तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी लय दमता."

मग तिनं ओढणीचा तुकडा उलगडून दाखवला. आत अकराच्या अकरा रोपं, एकाशेजारी एक, मुळाशी मातीचा गोळा तसाच, सगळ्यांना मिळून सैल बांधलेला दोरा. फडकं ओलं होतं. मी उठून डबे पाहिले. माती चिंब होती. आधी तिनं डब्यांत पाणी सोडलं होतं, ते जिरू दिलं होतं आणि मग बोटं खाली घालून एकेक रोप अलगद वर काढलं होतं. एकही मूळ तुटलं नव्हतं. तिनं रोपं उपटली नव्हती, लावणीला काढली होती. जन्मभर काढली तशी.

"रोप झालं," ती म्हणाली. "आज लावाया पायजे. ऊन उतरलं की लावू. वावर लांब हे का?"

"हाय थोडं लांब," मी म्हणाले. किती वर्षांनी माझ्या तोंडून गावची बोली आली.

मी भावाला फोन केला. त्याचा द्राक्षाचा हंगाम चालू होता, मागून क्रेटचे आवाज येत होते. तो म्हणाला, "आजच? ताई, माल तोडायला चालू आहे." मी म्हटलं, मला एक सरी दे, विहिरीजवळची, मी कधी काही मागितलं नाही. माझा आवाज कसा आला असेल कुणास ठाऊक. तो म्हणाला, "या."

दुपारी मी रिक्षा केली. आईनं ते ओलं फडकं सगळा रस्ता मांडीवर धरून ठेवलं. मधून मधून माझ्याकडून बाटली मागून घ्यायची आणि चार थेंब शिंपडायची. रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, दमानं. रोप हे माझ्याजवळ." तो खरंच हळू चालवायला लागला. गोदावरी दिसली तेव्हा तिनं हात जोडले, पण हे आपलंच गाव असं काही ती म्हणाली नाही.

भावानं विहिरीच्या कडेला एक सरी पाडून पाणी दिलं होतं. तो पुढं येऊन तिच्या पाया पडला. तिनं त्याला आशीर्वाद दिला आणि म्हणाली, "मालक, पानी बेतानं सोडा, गाळ नको." तो माझ्याकडे पाहून हसला आणि मग तोंड फिरवून बांधापर्यंत चालत गेला.

आईनं चपला काढल्या. सरीत उतरून पहिलं रोप हातात घेतलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "ह्यांना कुनी अंधारात ठिवलं व्हतं?"

"मी," मी म्हणाले.

"शिकलेल्या दिसता." तिनं मान हलवली. "असू द्या. जगत्यात."

मग अंगठ्यानं खोल खड्डा करून ते किडकिडीत देठ तिनं पार पानांपर्यंत मातीत घातलं आणि मुठीनं दाबलं. पुढचं. पुढचं. मी तिच्या मागं तांब्यानं पाणी घालत होते. ती मला काही विचारत नव्हती, कशात अडत नव्हती. दोन रोपांतलं अंतर तिच्या हाताएवढं, न मोजता. ऊन उतरलं होतं, द्राक्षाच्या बागेतून माणसं घरी निघाली होती, आणि माझी आई तिच्या वावरात होती. मला मनापासून वाटलं, आता. आता ती वळेल आणि मला हाक मारेल.

नऊ रोपं लावून ती थांबली. दोन फडक्यात तशीच राहिली. मी म्हटलं, अजून दोन आहेत.

"ती लावायची नाय," ती म्हणाली. पदरानं हात पुसले, फडक्यात मूठभर ओली माती घातली, गाठ मारली आणि माझ्यासमोर धरली. "बाई, तुमी नाशकातल्या ना? येवढं काम करा माझं. माझी लेक तिथंच ऱ्हाती. तिला ही द्या. तिला म्हनावं, आयनं दिलीत. उजेडात ठिव म्हनावं, तिला काय ठावं नाय वावरातलं, मीच कदी शिकू दिलं नाय." मग म्हणाली, "आन् यायला जमंना तर ऱ्हाऊ दे म्हनावं. ह्या बाई माझं लय करत्यात. तिनं जीवाला लावून घेऊ नये."

मी दोन्ही हात पुढं केले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, निरोप नीट पोचेल की नाही याचा अंदाज घेत.

"सांगाल ना?"

"सांगते," मी म्हणाले.